सहाव्या आणि सातव्या बरगडीमध्ये

जपानच्या कत्तलखान्यात वाग्यू गुराचे सोललेले धड थंड झाले, की त्याच्या सहाव्या आणि सातव्या बरगडीमध्ये आडवा छेद घेतात. मग परीक्षक येतो. छेदात उघड्या पडलेल्या पाठीच्या स्नायूवर तो बॅटरीचा उजेड टाकतो, नमुन्याच्या चित्रांशी मनात ताडून बघतो, एक अक्षर आणि एक आकडा देतो आणि पुढच्या धडाकडे वळतो. अक्षर ए, बी किंवा सी. त्यावरून धडातून विकाऊ मांस किती निघेल ते कळते. आकडा १ ते ५. तो मांसाचा दर्जा. दर्जासाठी चार गोष्टी बघतात: स्नायूत विखुरलेली चरबी, मांसाचा रंग आणि तजेला, घट्टपणा आणि पोत, चरबीचा रंग. चारांपैकी जिथे सगळ्यांत कमी गुण पडले, तोच शेवटचा आकडा. विखुरलेल्या चरबीसाठी, म्हणजे मार्बलिंगसाठी, आणखी एक १ ते १२ अशी वेगळी पट्टी आहे. तिथे निदान ८ मिळाल्याशिवाय ५ हा आकडा लागत नाही.

या परीक्षकाने ते जनावर जिवंत असताना पाहिलेले नसते. त्याची आई कोण, ते कोणाच्या गोठ्यात वाढले, स्वभावाने कसे होते, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पण कोणत्या गाईला कोणत्या वळूची रेतमात्रा भरायची हे ठरवणारा डोंगरातला पशुपालक मात्र सव्वातीन वर्षे आधीपासून याच परीक्षकाच्या नजरेने आपल्या गाईकडे बघत असतो. सध्याची प्रतवारी १९८८ सालापासूनची आहे. त्यानंतर जन्मलेली वाग्यू गुरे आणि त्याआधीची गुरे यांच्या मांसात जो फरक दिसतो, त्याचा मोठा हिस्सा या छेदाच्या खात्यावर जातो. उत्तम गोमांसासाठी गुरांची पैदास कशी केली गेली, हा या पुस्तकाचा विषय आहे. हा इतिहास वाचता वाचता माझे मत असे झाले, की प्रत्येक वेळी आधी मोजपट्टी आली आणि गुरे तिच्या मागून घडत गेली.

मराठीत असे पुस्तक कशाला, हा प्रश्न मला विचारला गेला आहे आणि पुढेही विचारला जाईल. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. मराठी बोलणाऱ्या घरांपैकी बऱ्याच घरांत हे मांस कधी शिजलेले नाही. काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले आणि त्याबद्दल बाहेर बोलले गेले नाही. या पुस्तकात कोणाला काही खायला सांगितलेले नाही, न खाण्याबद्दल कोणाची थट्टाही केलेली नाही. ज्यांना विषयच नकोसा वाटतो त्यांनी इथेच पान मिटले तरी माझी तक्रार नाही. पण खरसुंडीच्या जत्रेत किंवा सांगोल्याच्या बाजारात खिल्लार खोंड घेणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, शिंगांची ठेवण, वशिंड, पायांतले अंतर आणि खुराचा रंग बघत तो जनावराभोवती कसा फेऱ्या घालतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जपानच्या ताजिमा भागातल्या शेतकऱ्याची नजर मुळीच परकी वाटणार नाही. तीही औतकाठीच्या बैलांवर तयार झालेली नजर आहे.

शिवाय एक गोष्ट आपण सहसा विसरतो. जपान हा हजार-बाराशे वर्षे गोमांस टाळणारा देश होता. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खायला वर्षातल्या चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंत मनाई केली. त्यामागे बौद्ध धर्म होता, आणि शेतीच्या हंगामात नांगराची जनावरे वाचवण्याचा हिशोबही होता. पुढे अशी फर्माने पुन्हा पुन्हा निघत राहिली. ती पुन्हा पुन्हा काढावी लागत होती, यावरूनच काय समजायचे ते समजावे. हिकोने संस्थानातून शोगुनकडे मिसोत मुरवलेले गोमांस जात असे, तेही औषध म्हणून. औषधाला कोणत्याच धर्माची आडकाठी नसते. सामान्य घरात मात्र बैलाचे मांस शिजत नव्हते. १८६८ मध्ये कोबे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले, तिथे उतरलेल्या युरोपीय लोकांना गोमांस हवे होते, आणि जवळच्या ताजिमा डोंगरातून उतारवयाचे नांगराचे बैल त्यांच्या ताटात येऊ लागले. १८७२ मध्ये सम्राट मेइजी गोमांस खातात अशी बातमी मुद्दाम पसरवण्यात आली. राष्ट्राला पाश्चात्त्यांच्या बरोबरीने उभे करायचे तर त्यांचे खाणेही आपले केले पाहिजे, असा त्या पिढीच्या पुढाऱ्यांचा समज होता.

म्हणजे आज जगात सगळ्यांत महाग विकले जाणारे गोमांस अशा गुरांचे आहे, ज्यांची निवड शेकडो वर्षे मांसासाठी झालीच नव्हती. ती भातखाचरात चिखलणी करणारी, डोंगरउतारावरून ओझी वाहणारी जनावरे होती. त्यांच्याकडून हवे होते ते शांत डोके, मजबूत खूर, थोड्या चाऱ्यावर भागणारे शरीर आणि दरवर्षी एक वासरू. ती घराच्या आतच, माणसांच्या शेजारच्या खोलीत राहायची. पश्चिम जपानच्या चुगोकू डोंगरांत एकेका खोऱ्यातली गुरे दुसऱ्या खोऱ्यापर्यंत पोचत नसत. त्यामुळे नकळत आणि पुढे जाणूनबुजूनही बंद वाण तयार झाले. त्यांना त्सुरू म्हणत, म्हणजे वेल. ओकायामातला ताकेनोतानी, ताजिमातला माएदा शूसुके याने जमवलेला वाण, शिमाने आणि हिरोशिमातले आणखी काही. शूसुकेने चांगल्या माद्या शोधून त्यांच्या पोरी-नातींना एकाच वेलीत बांधले. मेंडेलचे वाटाणे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते.

हागी बंदराच्या समोर मिशिमा नावाचे लहानसे बेट आहे. तिथली गुरे परदेशी रक्त न मिसळता टिकली म्हणून १९२८ मध्ये सरकारने त्यांना नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिले. ही गुरे बुटकी आहेत, मागच्या पायांत हलकी आहेत, आणि त्यांच्या मांसातही चरबीची बारीक जाळी दिसते. म्हणजे मार्बलिंगची देणगी आधीपासून रक्तात होती. कोणी ती निर्माण केली नाही. नांगर ओढताना स्नायूला लागणारी ऊर्जा जवळ असावी म्हणून ही चरबी स्नायूत बसली, असे स्पष्टीकरण सर्रास देतात. मला ते सोयीचे वाटते, कारण नांगर तर आपल्या बैलांनीही ओढला आणि त्यांच्या मांसात अशी जाळी नाही. बंद खोऱ्यांत कोणता गुण योगायोगाने साठत जातो आणि कोणता विरून जातो, यात निसर्ग हेतू विचारत नाही.

मेइजी काळातल्या अधिकाऱ्यांना मात्र ही बुटकी गुरे लाजिरवाणी वाटली. १९०० पासून सरकारने युरोपातून वळू आणले: ब्राउन स्विस, सिमेंटल, एअरशायर, डेव्हन, शॉर्टहॉर्न. ठिकठिकाणी देशी गाईंवर ते सोडले. पहिल्या पिढीच्या संकरित गुरांना बाजारात चढे भाव मिळाले आणि शेतकरी त्यामागे धावले. पाच-सात वर्षांत तक्रारी यायला लागल्या. जनावर मोठे दिसते पण चिखलात धिमे चालते, जास्त खाते, स्वभावाने हट्टी, आणि मांस बेचव. भाव कोसळले. १९१० च्या सुमारास हा प्रयोग गुंडाळला गेला. मराठी वाचकाला इथे उरुळीकांचन आठवेल. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये तिथे सुरू केलेल्या बायफ या संस्थेने गोठवलेले रेत खेड्यापर्यंत नेले आणि होल्स्टिन, जर्सीच्या संकरातून दूध वाढवले. तिथे मोजपट्टी एकच होती, बादलीतले लिटर, आणि त्या मोजपट्टीवर संकर जिंकला. जपानी शेतकऱ्याला जनावराकडून चिखलातले काम, थोडक्या चाऱ्यावर भागणे आणि चवदार मांस अशा तीन गोष्टी हव्या होत्या, आणि तिन्ही पट्ट्यांवर एकदम जिंकणारा संकर त्याला मिळाला नाही. एवढा फरक लक्षात घेतला, तर दोन्हीकडच्या लोकांना उगीच शहाणे किंवा वेडे ठरवण्याची वेळ येत नाही.

प्रयोग फसल्यावर न मिसळलेले रक्त कुठे उरले आहे याचा शोध सुरू झाला. ताजिमात ओजिरो नावाची दुर्गम दरी आहे. तिथल्या आत्सुता या वस्तीत, वर जायला धड वाटही नसलेल्या जागी, शुद्ध ताजिमा वाणाच्या चार गाई सापडल्या अशी तिकडची हकीकत आहे. त्या वंशात १९३९ मध्ये ओजिरोतच एक गोऱ्हा जन्मला. त्याचे नाव ताजिरी. तो पैदाशीचा वळू म्हणून निवडला गेला आणि आयुष्यभरात सुमारे दीड हजार वासरांचा बाप झाला. त्या काळात गाय वळूकडे चालवत न्यावी लागे, हे लक्षात घेतले तर हा आकडा मोठा आहे. २०१२ मध्ये जपानच्या वाग्यू नोंदणी संघाने देशभरातल्या पैदाशीच्या काळ्या वाग्यू गाईंच्या वंशावळी तपासल्या. त्यांतल्या ९९.९ टक्के गाई कुठल्या ना कुठल्या बाजूने ताजिरीपर्यंत पोचतात असे निघाले.

हा आकडा जपानमध्ये अभिमानाने सांगितला जातो. मला तो वाचून आधी धडकी भरली. त्याकडे पुन्हा येऊच.

१९४४ मध्ये काळे, तांबडे आणि बिनशिंगी असे तीन वाण अधिकृत जाती ठरले. चौथा, शॉर्टहॉर्न रक्ताचा, १९५७ मध्ये. १९४८ मध्ये नोंदणी संघ स्थापन झाला. आणि मग एका दशकाच्या आतबाहेर पॉवर टिलर आला. भातखाचरातून बैल निघून गेले, रासायनिक खत आल्याने शेणाचीही किंमत उतरली. आपल्याकडे ट्रॅक्टर आल्यावर खिल्लारावर जी वेळ आली, तीच ही वेळ. जपानकडे एक वाट होती जी महाराष्ट्राला कायद्याने आणि समजुतीने बंद होती: हेच जनावर खाण्यासाठी पोसायचे. १९६६ मध्ये ओकायामात पहिली राष्ट्रीय वाग्यू स्पर्धा भरली. ती आता दर पाच वर्षांनी भरते आणि प्रांताप्रांतांतली ईर्ष्या तिथे उफाळून येते. तोत्तोरीचा केताका नावाचा वळू पहिल्याच स्पर्धेत गाजला. त्याचा वंश आडमाप वाढीचा आणि मोठ्या देहाचा. शिमानेच्या सातव्या इतोझाकुराचा वंशही वजनदार. ताजिमा देहाने लहान, पण मांसाची जाळी त्याच्यासारखी कोणाची नाही. आजच्या जपानी वळूची वंशावळ वाचायची म्हणजे मुख्यतः या तीन प्रवाहांचे प्रमाण वाचायचे. केताकाच्या नातीवर ताजिमा चढवायचा की ताजिमाच्या पोरीवर इतोझाकुरा, यावर वासरांच्या बाजारात तासन्‌तास वाद चालतात.

सगळ्यांत मोठा धक्का बाहेरून बसला. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या दबावाखाली जपानने १९८८ मध्ये गोमांसाच्या आयातीवरचा कोटा उठवायचे कबूल केले आणि एप्रिल १९९१ पासून तो उठला. आयात शुल्क पहिल्या वर्षी ७० टक्के होते, २००० पर्यंत ते ३८.५ वर आले. स्वस्त मांसाशी स्वस्ताईने लढणे दोन-चार गाई पाळणाऱ्या डोंगरी शेतकऱ्याला शक्य नव्हते. परदेशी मांसात जे कधीच मिळणार नाही ते आपल्या मांसात पुरेपूर भरायचे, एवढाच मार्ग होता. नवी प्रतवारी नेमकी त्याच सुमारास आली, हा योगायोग म्हणता येणार नाही. इथून पुढे जाळी हा अनेक गुणांतला एक गुण राहिला नाही. ती चलन झाली. आज बारापैकी बाराचे मार्बलिंग मिळवणाऱ्या पाठीच्या स्नायूत निम्म्याहून अधिक चरबी असते. पातळ काप करून तव्यावर क्षणभर टेकवला, की ती वितळते. श्रीखंडासारखे आहे ते. दोन चमचे अप्रतिम, वाटीभर खाववत नाही.

ही चरबी स्नायूत जाते कशी, याला पुस्तकात एक आख्खे प्रकरण दिले आहे आणि ते मला सगळ्यांत आवडते, म्हणून इथे जरा रेंगाळतो. जनावराच्या अंगात चरबी साठण्याला क्रम असतो. आधी आतड्यांभोवती आणि मूत्रपिंडाभोवती, मग कातडीखाली, मग दोन स्नायूंच्या मधे, आणि सगळ्यांत शेवटी स्नायूच्या आत, तंतूंच्या जुडग्यांमधल्या बारीक पडद्यांत. म्हणून बहुतेक जातींत आतली जाळी मिळवायची तर बाहेर चार बोटे चरबी चढू द्यावी लागते आणि ती कापून फेकावी लागते. वाग्यूत आतली चरबी तुलनेने लवकर आणि भरपूर बसते, ही त्याची खरी मिळकत. त्या चरबीत ओलेइक आम्ल जास्त असते, म्हणून ती कमी उष्णतेवर वितळते. आणि मार्बलिंग हा गुण आनुवंशिकतेने बऱ्यापैकी खाली उतरतो. प्रजननक्षमतेसारखे गुण निवडीला दाद देत नाहीत, हा देतो. त्यामुळे तीस वर्षांत एवढा पल्ला गाठता आला.

रक्त कितीही चांगले असले तरी बाकीचे काम गव्हाणीत होते. वासरू आठ-दहा महिन्यांचे झाले की वजन तीनशे किलोच्या आसपास असते. तेव्हा ते बाजारात विकले जाते. जन्म देणारा एक शेतकरी आणि पोसणारा दुसरा, अशी ही वाटणी आहे. पुढे सुमारे वीस महिने मक्याचा भरडा, सातू, गव्हाचा कोंडा, सोयापेंड असा वाढता खुराक आणि सोबत भाताचा पेंढा. खुराकाचे धान्य बहुतांशी परदेशातून येते. अस्सल जपानी मांस परदेशी मक्यावर पोसलेले असते, हे जाहिरातीत लिहीत नाहीत. पेंढा निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. त्यात कॅरोटिन जवळजवळ नसते. जीवनसत्त्व अ हे चरबीच्या पेशी तयार होण्याला आवर घालते. म्हणून मधल्या काही महिन्यांत ते जनावराला मुद्दाम कमी पडू देतात. हिशोब चुकला तर पाय सुजतात, खाणे सुटते, डोळे जातात. पोसणारे रक्त तपासून तोल सांभाळतात आणि शेवटी जीवनसत्त्व पुन्हा देतात. कुशल माणूस हे निभावून नेतो, पण एका प्राण्याला आंधळेपणाच्या काठापर्यंत नेऊन परत आणणे हा उत्तम मांसाच्या कृतीचा नेमाचा भाग आहे. परदेशी पाहुण्यांना बिअर आणि मालिशच्या गोष्टी ऐकवल्या जातात. उन्हाळ्यात मंदावलेली भूक वाढवायला कोणी कधी बिअर दिली असेल, अंगावरून ब्रश सगळेच फिरवतात. पण या गोंडस गोष्टींच्या आड पेंढ्याची गोष्ट दडून जाते.

आता वळूंकडे. पैदाशीसाठी निवडलेल्या गोऱ्ह्याची आधी ११२ दिवस स्वतःची परीक्षा होते: किती खाल्ले, किती वाढला. ती पार केली की त्याचे रेत काही गाईंना भरतात, वासरे जन्मतात, पोसली जातात, कापली जातात, आणि त्यांच्या सहाव्या-सातव्या बरगडीतला छेद पाहून बापाचा निकाल लागतो. तोवर बाप पाच-सहा वर्षांचा झालेला असतो. जीनोम चाचण्यांनी आता हा काळ आखडला आहे, तरी अखेरचा शब्द अजून छेदाचाच. शेकडोंतून एखादा वळू या चाळणीतून निघतो आणि मग त्याच्या रेतमात्रांवर प्रांताचे अर्थकारण उभे राहते. गिफू प्रांताने ह्योगोतून आणलेल्या यासुफुकू या वळूने हिदा गोमांसाला नाव मिळवून दिले. तो १९९३ मध्ये मेला. त्याचे वृषण कुठलेही संरक्षक द्रव्य न वापरता फ्रीझरमध्ये ठेवले होते. दहा वर्षांहून अधिक काळानंतर किंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातल्या पेशींपासून त्याचे क्लोन जन्माला घातले आणि २००९ मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

थोड्या वळूंवर सारे टांगून ठेवण्याची किंमत मियाझाकी प्रांताने २०१० मध्ये मोजली. तिथे लाळ्या खुरकुताची साथ आली, डुकरे आणि गुरे मिळून जवळजवळ तीन लाख जनावरे मारावी लागली. प्रांताच्या वळू केंद्रातले सहा सर्वोत्तम वळू घाईने दुसरीकडे हलवले. त्यांतला तादाफुजी बाधित निघाला, पाच वाचले. केंद्रात राहिलेले सगळे वळू मारले, त्यांत मियाझाकीची कीर्ती ज्याच्यामुळे झाली तो म्हातारा यासुहिराही होता. धक्का मियाझाकीपुरता नव्हता, कारण मात्सुसाकासारख्या दूरच्या नामांकित गोठ्यांतही मियाझाकीची वासरे जात होती. मांसाला नाव शेवटी पोसलेल्या प्रांताचे लागते. जन्माचा प्रांत निनावी राहतो. एवढे होऊनही त्यानंतरच्या २०१२, २०१७ आणि २०२२ च्या स्पर्धांत मियाझाकीने पंतप्रधानांचे पारितोषिक जिंकले. ही जिद्द थक्क करणारी आहे. पण ज्या पाच वळूंवर ती उभी राहिली, त्यांनी मूळ दुखणे आणखी वाढवले.

ते दुखणे म्हणजे नाते. जपानमध्ये पैदाशीच्या काळ्या वाग्यू गाई पाच-सहा लाख आहेत. तरी नात्यांची गुंतागुंत मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाचा हिशोब मांडला, तेव्हा हा सारा कळप आनुवंशिकतेच्या दृष्टीने सतरा-अठरा जनावरांच्या कळपासारखा वागतो असे दिसले. जंगलातल्या एखाद्या प्राण्याबद्दल असा आकडा आला असता तर संरक्षणाची मोहीम निघाली असती. मूत्रपिंड निकामी करणारा क्लॉडिन-१६ चा दोष, रक्तपेशींचा बँड-३ चा दोष, असे अप्रकट रोग नामांकित वळूंमार्फतच पसरले. आता वळू निवडताना जनुकीय चाचणी करतात, म्हणून ते आटोक्यात आहेत.

पण नात्यात पैदास करण्याचा हा पायंडा जपानने पाडलेला नाही. अठराव्या शतकात इंग्लंडात रॉबर्ट बेकवेल लांबशिंगी गुरांची जवळच्या नात्यात पैदास करत होता. त्याची पट्टी होती कमी हाडे आणि महागड्या भागांवर चरबी. त्याच्या मागून कॉलिंग बंधूंनी शॉर्टहॉर्न घडवले. त्यांचा कॉमेट हा वळू १८१० मध्ये हजार गिनींना विकला गेला. त्याचा बाप फेव्हरिट. आणि त्याची आई होती याच फेव्हरिटला स्वतःच्या आईपासून झालेली कालवड. गुण पक्का करायचा तर नाते जवळ आणायचे, ही युक्ती अडीचशे वर्षे चालत आली आहे. पहिल्या काही पिढ्यांत फळ झटपट मिळते, बिल नंतर येते. बेकवेलची लांबशिंगी गुरे त्याच्यामागे फार काळ टिकली नाहीत. चरबी वाढली, दूध आणि विण्याची क्षमता घटली. कोबे गोमांसाची अट आजही ह्योगो प्रांतातल्या शुद्ध ताजिमाची आहे. बाहेरचा वळू तिथे चालत नाही. कळप बंद ठेवूनच ही ख्याती टिकवायची, असे त्यांनी ठरवले आहे, आणि त्यासाठी त्यांचे तज्ज्ञ ताजिमाच्या आतच वेगवेगळ्या उपशाखा जपण्याची जिवापाड धडपड करतात.

रक्त मात्र जपानच्या हद्दीत राहिले नाही. १९७६ मध्ये चार वळू, दोन काळे आणि दोन तांबडे, अमेरिकेत गेले. १९९० च्या दशकात आणखी सुमारे दोनशे गुरे गेली आणि मग जपानी पशुपालकांच्या संतापाने ती वाट बंद झाली. तेवढ्या बिजावर अमेरिकेत आणि मुख्यतः ऑस्ट्रेलियात जपानबाहेरचे वाग्यू उभे आहे. २०१८ मध्ये गोठवलेले रेत आणि भ्रूण बोटीने चीनला नेण्याचा प्रयत्न तिथल्या सीमाशुल्क तपासणीत अडकला. जपानमध्ये अटका झाल्या आणि २०२० मध्ये वाग्यूच्या आनुवंशिक साठ्याला बौद्धिक संपदेसारखे संरक्षण देणारे कायदे आले. हे वाचताना मला आपली कृष्णाकाठची गुरे आठवतात. काळ्या चिकट जमिनीत चालणारे जड बैल हवेत म्हणून दक्षिणेकडच्या मराठा संस्थानांत कृष्णा खोऱ्याची जात घडवली गेली. गीर, कांकरेज, ओंगोल आणि काही प्रमाणात हीच कृष्णा खोऱ्याची गुरे अमेरिकेत गेली आणि त्यांतून ब्राह्मण नावाची मांसाची जात उभी राहिली. ओंगोलचे वंशज ब्राझीलमध्ये नेलोरे या नावाने कुरणेच्या कुरणे व्यापून आहेत. उष्णता सोसणारी, गोचिडांना दाद न देणारी, आणि मांसाला चिवट. स्नायू मऊ करणाऱ्या विकरांना रोखणारे कॅलपॅस्टॅटिन त्यांच्यात जास्त असते. मांसाच्या जगात वाग्यूच्या नेमक्या विरुद्ध टोकाला आपल्याच गुरांची नातवंडे उभी आहेत. ही गुरे बाहेर गेली तेव्हा जपानसारख्या अटका झाल्या नाहीत, आणि मायदेशी कृष्णा खोऱ्याची जातिवंत गुरे मोजकीच उरली आहेत.

पुस्तकात काय नाही तेही सांगून ठेवतो. पाककृती नाहीत, कोणत्या शहरात कुठे चांगले मिळते याची यादी नाही. २००२ मध्ये मात्सुसाकाच्या लिलावात एक कालवड पाच कोटी येनला गेली, असल्या नवलकथा जिथे विषयाला लागू आहेत तिथेच येतात. नाकाच्या ठशांच्या जुन्या नोंदी, मॅड काउच्या साथीनंतर २००३ मध्ये आलेला प्रत्येक गुराचा दहा अंकी क्रमांक, यांना थोडी पाने दिली आहेत, कारण नोंद नसेल तर निवड नसते. आपल्याकडे देशी गोवंशावर भाषणे पुष्कळ होतात. तीन पिढ्यांची लेखी वंशावळ असलेली गाय किती गोठ्यांत सापडेल, ते वाचकाने आपल्या तालुक्यात विचारून पाहावे.

शेवटचे प्रकरण लिहीत असताना मोजपट्टी पुन्हा हलू लागली आहे. पोसलेल्या खच्ची वाग्यू नरांपैकी निम्म्याहून अधिक आता ए५ ठरतात. सगळ्यात वरची पायरीच इतकी गर्दीची झाली, की तिथे उभे राहून वेगळे दिसणे कठीण. म्हातारे होत चाललेल्या जपानी गिऱ्हाइकाला एवढी चरबी सोसवत नाही. कमी जाळीच्या तांबड्या वाग्यूला आणि शॉर्टहॉर्नला मागणी आली आहे. तोत्तोरीने केताकाच्या वंशातल्या ज्या मांसाच्या चरबीत ओलेइक आम्ल ५५ टक्क्यांहून अधिक आहे, ते वेगळ्या नावाने विकायला काढले. २०२२ च्या कागोशिमाच्या राष्ट्रीय स्पर्धेत चरबीच्या गुणवत्तेसाठी प्रथमच स्वतंत्र गट ठेवला गेला. किती चरबी याऐवजी कशी चरबी, यावर तिथे गुण दिले. हे छेदाकडे डोळ्यांनी बघून सांगता येत नाही, त्यासाठी यंत्र लागते. त्या यंत्राच्या आकड्यावर निवडलेल्या वळूंची वासरे आता गव्हाणीला आहेत. ज्या वंशांना गेली तीस वर्षे जाळी कमी म्हणून मागे टाकले, त्यांच्या रेतमात्रा कुठल्या प्रांताच्या नायट्रोजन टाकीत अजून शिल्लक आहेत याची चौकशी पैदासकार करू लागले आहेत.